चिठ्ठी वाचल्याशिवाय किल्लीला हात लावू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांची दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या, माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला वार, महिना आणि शंभरातून उलट आकडे विचारले. मग हळूच विचारले, की हल्ली गाडी सुरू करताना किंचाळते ती कशाने. खिडकीतून खाली न बघताच मी सांगितले, पंख्याचा पट्टा सैल आहे. दाखला त्यांनी तिथेच लिहून दिला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून जुने रद्द करण्याचा प्रश्न नाही. मला कोणताही मोठा आजार नाही. गुडघे कुरकुरतात, पण ते चाळीस वर्षे फरशीवर टेकलेले गुडघे आहेत, त्यांनी एवढे तरी बोलावेच.

कलम एक. जागा. खालचे गॅरेज, त्यामागची शेड आणि वरच्या दोन खोल्या ही माझी सगळी स्थावर मिळकत. ती माझ्या मुलाला मिळावी. तो दूर राहतो, कॉम्प्युटरवर काम करतो, आणि गाडीत बसला की आधी फोन जोडून गाणी लावतो. इंजिनाचा आवाज त्याने जन्मात ऐकलेला नाही. मुलगा गुणी आहे, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर कधी म्हटलेले नाही. अट अशी, की वेल्डरला काम होते तोवर गॅरेज त्याच्या ताब्यात राहील आणि त्याला कोणी उठ म्हणणार नाही. वेल्डर बावीस वर्षे माझ्याकडे आहे. माझा आरडाओरडा त्याने ज्या थंडपणाने ऐकून घेतला आहे त्याची भरपाई एका गॅरेजने होत नाही, पण माझ्याकडे दुसरे गॅरेज नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते मुलाला. आकडा लिहीत नाही, कारण तो वाचून रडणाऱ्यालाही हसू येईल.

कलम तीन. हत्यारे. सगळी हत्यारे वेल्डरला, बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना धरून. मात्र टॉर्क पान्याने कोणी खिळा ठोकल्याचे आढळल्यास हे बक्षीस रद्द समजावे. वडिलांची ऐकायची सळई यातून वगळली आहे. ही हातभर लांब लोखंडी सळई, एक टोक इंजिनाला लावायचे आणि दुसरे कानाला, म्हणजे आत कोण कण्हत आहे ते कळते. ती कलम पाचमधल्या गाडीबरोबर जाईल.

कलम चार. जुनी भांडणे. समोरच्या टायरवाल्याने नऊ वर्षांपूर्वी माझा मोठा जॅक दोन दिवसांसाठी नेला. त्याला मी मनापासून क्षमा करते. जॅक परत आणून द्यावा. विमा कंपनीचा जो तपासनीस दर खेपेला माझ्या कोपरापर्यंत तेलात बुडालेल्या हातांकडे बघून, मेकॅनिक कुठे गेलेत, असे विचारायचा, त्याला मी काही देत नाही. क्षमासुद्धा नाही.

कलम पाच. गाडी. शेडमध्ये ताडपत्रीखाली जी साय रंगाची चार दारांची गाडी आहे ती आमच्या वडिलांची. ती माझ्या धाकट्या भावाला मिळावी. हा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, एका खाजगी बस कंपनीच्या आगारात फोरमन आहे, आणि गेली सतरा वर्षे आमचे बोलणे नाही. का नाही, ते लिहिल्याशिवाय हे कलम कोणाला कळायचे नाही.

आम्ही दोघे वडिलांच्या हाताखाली शिकलो. गाडी बरेच दिवस उभी करून ठेवायची असली की आमच्या गॅरेजात एक रीत होती. गाडीतून जे काढले आणि गाडीत जे कोंबले ते सगळे पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायचे आणि ती चिठ्ठी तारेने स्टिअरिंगला बांधायची. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा घातला, लिहा. प्लग काढले, लिहा. चिठ्ठी नाही याचा अर्थ गाडी जशी आली तशीच आहे. वडिलांनी ही रीत घालून दिली आणि आम्ही ती डोळे मिटून पाळली. गॅरेजात भांडण व्हायचे ते कामावरून, चिठ्ठीवरून कधीच नाही.

वडील गेल्यावर त्यांची गाडी शेडमध्ये लावली. लावण्याचे काम मी केले. दोन वर्षांनी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. मी सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले होते. भावाच्या मनात आले, आईला बाबांच्या गाडीतून फिरवून आणावे. त्याने स्टिअरिंग पाहिले, चिठ्ठी नव्हती. त्याने बॅटरी बदलली, तेल पाहिले, जुने पेट्रोल काढून नवे भरले, चाकांत हवा मारली, आणि आईला मागच्या सीटवर डाव्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागी बसवून निघाला. बारा किलोमीटरवर, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, इंजिन जाम झाले. रेडिएटरमध्ये थेंब नव्हता. आई दोन तास कठड्यावर बसून होती, उन्हात, वाढदिवसाची नवी शाल डोक्यावर घेऊन.

मी परत आले तेव्हा गाडी दोरीने ओढून आणलेली होती आणि गॅरेजात गिऱ्हाइके उभी होती. त्या सगळ्यांदेखत मी भावाला म्हणाले, "बाबांनी जन्मभर जपलेली गाडी तू एका सकाळीत मारलीस. तुला ह्या धंद्यातलं काही कळत नाही. पुन्हा माझ्या गाड्यांना हात लावू नकोस."

तो एवढेच म्हणाला, "ताई, चिठ्ठी नव्हती."

मी म्हणाले, असणारच, तुलाच दिसली नसेल. पुढच्या आठवड्यात त्याने आपली हत्यारे उचलली आणि आगारात नोकरी धरली.

ते इंजिन मी पुढच्या तीन वर्षांत, गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून, पुन्हा उभे केले. नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगा. उगाच विनय करणार नाही, हे माझ्या हातचे सर्वांत उत्तम काम आहे. एकदा चालवून पाहिले, आवाज ऐकला आणि गाडी पुन्हा ताडपत्रीखाली लावली. त्याला आता चौदा वर्षे झाली.

अट अशी, की गाडी भावाने स्वतः, याच शेडमध्ये, खालील रीतीने सुरू करावी. ओढून नेऊ नये, दुसऱ्या मेकॅनिकच्या हाती देऊ नये. माझ्यामागे वर्षभरात तो आला नाही तर गाडी मुलाने विकावी. मुलाकडे एक गिऱ्हाईक तयार आहे. ते गाडीचे इंजिन काढून टाकून तिला हॉटेलच्या दारात शोभेला उभी करणार आहे. हे मला बिलकूल पटलेले नाही, पण मेलेल्या माणसाने किती ठिकाणी लक्ष घालावे.

कलम सहा. गाडी सुरू करण्याची रीत. भाऊ फोरमन आहे, त्याला हे येते, मला माहीत आहे. तरी लिहिते. थोरल्या बहिणीने सांगू नये असा कायदा अजून झालेला नाही.

किल्लीला हात लावण्याआधी स्टिअरिंगवरची चिठ्ठी वाचावी. या खेपेला ती आहे, दुहेरी तारेने बांधलेली आहे. शेडची दोन्ही दारे उघडावीत आणि उघडीच ठेवावीत, कारण धुरात जो वायू असतो त्याला वास नसतो आणि तो माणसाला सांगून मारत नाही. आग विझवायचे नळकांडे हाताशी असावे. गाडी ठोकळ्यांवर आहे ती सावकाश खाली घ्यावी, चाकांना दगड लावावेत, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलला ठेवावा. बोळे तीन आहेत, एक सायलेन्सरमध्ये, दोन हवेच्या वाटेत. तीन घातले, तीनच हातात आले पाहिजेत. दोन आले आणि तिसरा असेल कुठेतरी असे म्हणून किल्ली फिरवणाऱ्या माणसाशी माझे नाते नाही.

टाकी मी कोरडी करून ठेवली आहे. ताजे पेट्रोल घालावे, थोडेच. त्याआधी रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात, चिरा दिसल्या तर बदलाव्यात. इंजिनातले तेल दिसायला कितीही चांगले दिसो, ते बदलावे. मग चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घरी जावे. हे सगळ्यांत अवघड काम आहे. इंजिने घाईने मरतात. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे, पूर्ण दोन फेरे. अडले तर जोर करू नये, आणखी तेल, आणखी एक दिवस. हाताला जे कळते ते स्टार्टरला कळत नाही.

त्यानंतर पाणी.

या शब्दावर मी दोन दिवस थांबले आहे. खाली जाऊन वेल्डरवर विनाकारण ओरडून आले आहे. आता लिहिते.

रेडिएटर मी रिकामा केला होता. वडिलांची गाडी लावताना, गंज धरू नये म्हणून, मीच. चिठ्ठीही लिहिली होती. तार आणायला आत गेले, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले, आणि हातातली चिठ्ठी मी कार्ब्युरेटरच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. तार शेडपर्यंत गेलीच नाही. भाऊ निघून गेल्यावर आठ महिन्यांनी, इंजिन खोलताना, मी ते पुस्तक उघडले. माझेच अक्षर होते. रेडिएटर रिकामा, दोन शब्द.

झाकण उघडून बघायला त्याला काय झाले होते, असे माझे तोवर दहा जणांना सांगून झाले होते. खरे असे, की चिठ्ठी नसताना आमच्या गॅरेजात रेडिएटर कोणी उघडून बघत नसे. मीही नाही. आणि वाटेत उष्णतेच्या काट्यावरून त्याला कळायला हवे होते म्हणावे, तर पाणीच नसले की काटा खोटे बोलतो, इंजिन भाजून निघते आणि काटा गारच दाखवतो. हेही मला माहीत होते. त्या सगळ्या दिवसांत एकट्या आईने मला विचारले होते, चिठ्ठी कुठे होती गं. मी म्हणाले, असेल कुठेतरी. चिठ्ठी सापडल्यावरही मी आईला सांगितले नाही. दोन वर्षांनी आई गेली. आम्ही बहीणभाऊ तिच्या दोन बाजूंना उभे होतो आणि बोललो नाही.

का सांगितले नाही, याला काही मोठे कारण नाही. आधी लाज वाटली, मग लाजेवर वर्षे साचली. मी त्याच्यावर अन्याय केला आहे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांतले दोष बोट ठेवून दाखवले आणि माझा दोष पुस्तकात मिटून ठेवला.

तर पाणी. चिठ्ठी असो वा नसो, झाकण उघडून डोळ्यांनी पाहावे. अर्धे कूलंट, अर्धे पाणी, काठोकाठ. होसपाइप दाबून पाहावेत, खाली कोरडा पुठ्ठा पसरून गळते का बघावे. मग चार्ज केलेली बॅटरी, आधी धन टोक, नंतर ऋण. कॉइलची तार सुटी ठेवून, प्लग बाहेरच असताना, डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारावा, दर खेपेला दहा सेकंद, मधे विश्रांती. म्हणजे ठिणगी पडण्याआधी तेल सगळीकडे पोचते. मग प्लग आणि तार लावून इंजिन सुरू करावे. सुरू झाले की आनंदाने ॲक्सिलरेटर दाबू नये. आनंद हाताची घडी घालून करावा. तेलाचा दिवा विझलाच नाही तर लगेच बंद करावे. विझला तर चालू द्यावे, सळई लावून ऐकावे, खाली वाकून बघावे. आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढू नये. सुरू न होणाऱ्या गाडीने कोणी मरत नाही, न थांबणाऱ्या गाडीने मरते.

कलम सात. इथवरचा मसुदा मी वकीलबाईंना दाखवला. त्या दर महिन्याला आपली स्कूटर घेऊन येतात, त्यामुळे त्यांना माझी भीती उरलेली नाही. त्यांनी सगळे वाचले, कलम सहा दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "ताई, हे वाचून ते भांडणार कोणाशी? तुम्ही तर नसाल."

भावाला भांडायचा हक्क होता आणि मी तोही मरणाआड लपवून पळ काढत होते. त्याच दिवशी मी ती जुनी चिठ्ठी पाकिटात घातली आणि आगाराच्या पत्त्यावर पाठवली. बरोबर पत्र दिले नाही. चिठ्ठीत सगळे होतेच. पाच दिवस काही आले नाही. त्या पाच दिवसांत मी कोणाच्याही गाडीला हात लावला नाही.

कलम आठ. सहाव्या दिवशी सकाळी शेडचे दार सरकल्याचा आवाज आला. मी जिन्यावरून जमेल तशी उतरले. ताडपत्री बाजूला केलेली होती आणि भाऊ बाह्या सावरून उभा होता, स्टिअरिंगवरची चिठ्ठी वाचत. केस पार पांढरे झाले आहेत. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई गेली तेव्हाही गप्प बसलीस."

"बसले."

"आगारात कुठलीही बस बंद पडली, की मी आधी स्वतःकडे बोट दाखवतो. सतरा वर्षं. एकेक झाकण तीन-तीनदा उघडून बघतो. हाताखालचे लोक हसतात मला."

मी म्हणाले, "चूक माझी होती. चिठ्ठी मी लिहिली आणि बांधली नाही. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते."

तो बाकावर बसला. वेल्डर चहा घेऊन आला आणि आम्हाला बघून चहासकट परत गेला. भाऊ म्हणाला, राग गेलेला नाही, आणि एवढ्यात जाईल असे धरून चालू नकोस. मी म्हणाले, नाही धरत. मग तो उठला आणि चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, "बोळे तीन ना?"

"तीन."

"मोजून काढतो."

काम कलम सहाप्रमाणे झाले. पहिल्या दिवशी प्लगच्या भोकांत तेल सोडून तो घरी गेला. जाताना, मी दिलेला चमचा लहान होता म्हणून मला बोलला. दुसऱ्या दिवशी इंजिन हाताने फिरले, दोन फेरे, लोण्यासारखे. पाणी त्याने ओतले. झाकण लावले, उघडले, पाहिले, लावले, पुन्हा उघडले. मी हसले नाही. तिसऱ्या खेपेला तो बाजूला सरकला आणि मला बघ म्हणाला. मी वाकून पाहिले. काठोकाठ होते.

स्टार्टर दुसऱ्यांदा मारल्यावर इंजिन सुरू झाले. आधी थोडा निळा धूर आला, तो सोडलेल्या तेलाचा, मग स्वच्छ झाला. भावाने सळई इंजिनाला लावली, खूप वेळ ऐकले आणि सळईचे टोक माझ्या कानाला दिले. आत कोणी कण्हत नव्हते. तो म्हणाला, पिस्टन छान बसवलेस. त्याच्याकडून एवढे पुष्कळ झाले.

ब्रेक पाहून आम्ही बाहेर पडलो. मी मागे बसले, डाव्या बाजूला, आई बसायची तिथे. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू ठेवले. उतरून खाली पाहिले, बॉनेटवर हात ठेवला, काटा पाहिला. काटा या खेपेला खरे बोलत होता. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, पुढं जाऊ या?"

मी रडले, आणि ते मृत्युपत्रात लिहायला माझी हरकत नाही. आम्ही पुढे गेलो, आणखी बारा किलोमीटर, आणि आमच्याच पायांवर, म्हणजे चाकांवर, परत आलो.

कलम नऊ. कलम पाचमधले बक्षीस आणि कलम तीनमधली सळई मी याद्वारे रद्द करते. खोडाखोड करणार नाही, सगळे पुन्हा लिहून काढायला बोटे ऐकत नाहीत, आणि ते वाचले जावे अशी माझी इच्छाही आहे. रद्द करण्याचे कारण असे. वकीलबाईंनी बजावले, की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. भावाला एकच काहीतरी मिळणार, गाडी किंवा सही. मी त्याला विचारले. तो म्हणाला, गाडी आजच दे आणि सहीही माझीच घे. त्याप्रमाणे गाडी, किल्ली, कागद आणि सळई आज सकाळी त्याच्या हातात दिली आहे. माझ्यामागे त्याने वाट बघण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. मी असेपर्यंत मात्र त्याने दर रविवारी गाडी चालवत इकडे आणावी. उभ्या गाडीला गंज चढतो, हे मी त्याला सांगायला नको.

वरील सर्व मजकूर माझा आहे, अक्षर माझे आहे, आणि चूकही माझी म्हणून लिहिली आहे. वाचून पाहिला, बरोबर आहे, सही करते.

लिहून ठेवणार: गॅरेजवाली ताई (सही)

ठिकाण: गॅरेजच्या वरची पुढची खोली. दिनांक: चौदा, गुरुवार, सकाळी साडेदहा.

साक्षीदार एक: डॉक्टर (सही). ताईंनी माझ्यासमोर सही केली. पंख्याचा पट्टा सैलच होता.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ (सही). माझ्यासमोर सही केली. चिठ्ठी मिळाली. झाकण उघडून पाहिले, भरलेले आहे.